तीन पंचांगे : श्रवणयात्रेच्या आखणीविषयी काही विचार

१. विषयप्रवेश

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात, पूर्णा जंक्शन आणि नांदेड यांच्या दरम्यान, लोहमार्गावर चुडावा हे गाव आहे. अशा गावातील एखाद्या रसिकाच्या मनात आले की, आपल्या आवडत्या गायकाला अथवा वादकाला एकदा तरी समोर बसून ऐकावे, आणि तो कलावंत परदेशात कार्यक्रम करणारा असेल, तर त्या रसिकाने आपला प्रवास कसा आखावा, असा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. वरवर पाहता हा प्रश्न हौसेचा वाटेल. हौसेच्या गोष्टींना विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेत स्थान कशाला, असेही कोणी विचारील. परंतु सामान्य उत्पन्नाचे कुटुंब एखाद्या स्वरासाठी वर्षाची शिल्लक खर्ची घालावयास सिद्ध होते, तेव्हा त्या निर्णयात अर्थशास्त्र, राज्यव्यवस्था, शेतीचे ऋतुमान आणि कलेचे स्वरूप या सर्वांची गाठ पडलेली असते. ती गाठ उकलून पाहणे हा या लेखाचा हेतू होय.

या प्रश्नाला मराठवाड्यात एक इतिहासही आहे. आज ‘परदेश’ म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे समुद्रापलीकडची भूमी उभी राहते. चुडाव्याच्या आजोबा-पणजोबांना मात्र परमुलूख गाठण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नसे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि मुंबई व पुणे ही मराठी संगीताची दोन मोठी केंद्रे ब्रिटिश मुलुखात होती. भाषा एक, पण राज्य दुसरे, नाणे दुसरे, टपाल दुसरे, दप्तरी सालही दुसरे, अशी ती स्थिती होती. आजच्या परदेशप्रवासाचे कोडे सोडविताना या जुन्या परमुलुखाचा दाखला फार उपयोगी पडतो, असे आढळून येईल.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : श्रवणयात्रेला निघणाऱ्याला तीन पंचांगे एकत्र वाचावी लागतात. पहिले कलावंताचे, दुसरे राज्याचे आणि तिसरे शेताचे. या तिन्हींचे मुहूर्त आपोआप जुळत नाहीत. ते जुळवून घेणे, हेच आखणीचे खरे काम आहे.

२. प्रवासाचे प्रयोजन

प्रथम एका स्वाभाविक शंकेचे निरसन केले पाहिजे. आज कोणत्याही कलावंताचे गायन घरबसल्या ऐकता येते, चित्रासह पाहता येते. मग एवढा खटाटोप कशासाठी?

ही शंका नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या आल्या, तेव्हाही ती उपस्थित करता आली असती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. ज्या रागाचा विस्तार बैठकीत तासभर चाले, त्याचा अर्क तेवढ्या अवधीत उतरवावा लागे. तथापि या तबकड्यांनी प्रत्यक्ष श्रवणाची ओढ कमी केली नाही, ती वाढविली. पंडित भीमसेन जोशी यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकून या मुलाच्या मनाला चटका लागला, आणि १९३३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात त्याने घर सोडले. म्हणजे तबकडीमुळे प्रवास टळला नाही. तबकडीतूनच प्रवास निघाला.

याचे कारण आपल्या संगीताच्या स्वरूपातच सापडते. ख्याल अगोदर पूर्ण रचून ठेवलेला नसतो. गायक तो श्रोत्यांच्या समोर रचीत जातो. समोरचा श्रोता मान डोलावतो, दाद देतो, कधी श्वास रोखून बसतो, आणि या सर्वांचा परिणाम गायकाच्या पुढच्या आलापावर होतो. म्हणून बैठकीतील श्रोता हा त्या निर्मितीचा अल्पसा का होईना, भागीदार असतो. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला सर्व काही मिळते, फक्त ही भागीदारी मिळत नाही. अन्य देशांच्या संगीतात रचना अगोदर लिहिलेली असली, तरी सादरीकरणाचा क्षण तेथेही एकदाच येतो. जर्मनीतील बायरॉइट या गावी १८७६ पासून रिखार्ड वाग्नर यांच्या संगीतनाट्यांचा महोत्सव भरतो, आणि त्यांच्या सर्व कृतींची ध्वनिमुद्रणे सुलभ असूनही देशोदेशींचे श्रोते तेथे जातात. तेव्हा प्रवासाचे प्रयोजन मान्य करून आपण पुढे जाऊ.

३. जुना परमुलूख : दोन नाणी, दोन साले, दोन घड्याळे

हैदराबाद-गोदावरी खोरे लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत वाहतुकीस खुला झाला. चुडावा याच मार्गावर आहे. हा मार्ग मीटर रुंदीचा होता, आणि मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग रुंद होता. त्यामुळे चुडाव्याहून निघालेल्या प्रवाशाला परभणी, जालना आणि तेव्हाचे औरंगाबाद ही स्थानके मागे टाकून मनमाडला उतरावे लागे, आणि सामानसुमान उचलून दुसऱ्या गाडीत बसावे लागे. मुंबई गाठण्यासाठी कल्याणच्या वाटेने आणि पुणे गाठण्यासाठी दौंडच्या वाटेने पुढे जावे लागे. चुडावा ते मुंबई हे अंतर सुमारे ६०० किलोमीटरचे आहे.

या वाटेवर राज्यांची सीमा होती. वैजापूर तालुक्यातील रोटेगाव मागे पडले की पुढे नगरसूलच्या बाजूस ब्रिटिश मुलूख सुरू होई. प्रवाशास पासपोर्ट लागत नसे, तथापि परमुलुखाची इतर बहुतेक लक्षणे तेथे होती.

पहिले लक्षण नाण्याचे. संस्थानात हाली सिक्का चाले, ब्रिटिश मुलुखात कलदार. सुमारे ७ हाली रुपयांस ६ कलदार असा हिशेब धरला जाई. म्हणजे हाती ७० रुपये घेऊन निघालेल्या रसिकाजवळ मनमाडच्या पलीकडे ६० रुपये उरत. तो गरीब झालेला नसे. केवळ मोजण्याचे माप बदललेले असे. पण हा फरक ध्यानी न घेता ज्याने खर्चाचा अंदाज केला, त्याची परतीच्या भाड्याला ओढाताण होणारच. दुसरे लक्षण जकातीचे. संस्थानाचे करोडगिरी खाते मालावर जकात वसूल करी, आणि तिचे शेकडा ५ हे प्रमाण १८०२ च्या तहापासून चालत आलेले होते.

तिसरे लक्षण कालगणनेचे. संस्थानाच्या दप्तरात फसली साल चाले. हे साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पालटे, आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन अशा फारसी नावांनी ओळखले जात. इसवी १९२१ चा जुलै महिना फसली १३३० मध्ये पडतो. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रात छापलेली जाहिरात इसवी तारखेची असे, तर कचेरीतील रजा फसली तारखेची. दोहोंचा मेळ घालणे हे आखणीचे पहिले पाऊल होते. ‘फसल’ म्हणजे पीक. पिकाच्या हंगामाशी सारावसुलीचा मेळ बसावा, म्हणून मोगल काळात ही गणना योजली गेली. राज्याचे पंचांग आणि शेताचे पंचांग एकमेकांशी जुळावे, हा प्रयत्न या एका शब्दात साठलेला आहे. या मुद्द्याकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

चौथे लक्षण घड्याळाचे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, तरी मुंबई शहरात जुनी स्थानिक वेळही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दीर्घकाळ टिकून राहिली. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. रेल्वेचे घड्याळ एक आणि शहराचे दुसरे, हा अनुभव त्या काळच्या प्रवाशाला परका नव्हता.

अशा सीमा मराठी मुलुखाच्या इतर भागांतही होत्या. सावंतवाडीच्या दक्षिणेस गोमंतक १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होते, आणि मराठी संगीताला मोठमोठे गायक देणारी ती भूमी कायद्याने परकीय होती. हैदराबादची सीमा बहुतेक काळ सैल होती. १९४७-४८ मध्ये मात्र ती कठोर झाली. गाणे ऐकण्यासाठी नव्हे, तर जीव वाचविण्यासाठी अनेक कुटुंबांनी ती ओलांडली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, पुढील दशकात हाली सिक्का चलनातून गेला, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. चुडाव्याच्या रसिकाला मुंबई तेव्हापासून स्वदेश झाली.

४. एक तारीख : ८ जुलै १९२१

कलावंताचे पंचांग कसे असते, हे एका प्रसिद्ध प्रसंगावरून स्पष्ट होईल. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संगीत मानापमान’ या नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ योजलेल्या या प्रयोगात नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, भामिनीच्या भूमिकेत होते, आणि केशवराव भोसले धैर्यधराच्या. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्थांचे हे अग्रणी एका रंगभूमीवर उभे राहणार, ही वार्ता मराठी रसिकांना किती मोलाची वाटली असेल, हे सांगणे नको.

आता ही वार्ता आपल्या भागातील एखाद्या रसिकाच्या कानी पडली, अशी कल्पना करू. त्याच्या समोर तीन पंचांगे उघडी आहेत. कलावंताचे पंचांग म्हणते, ८ जुलै. राज्याचे पंचांग म्हणते, फसली १३३०; हालीचे कलदार करून घ्या, मनमाडला गाडी बदला, रात्रंदिवसाचा प्रवास धरा. आणि शेताचे पंचांग म्हणते, पुनर्वसू नक्षत्र लागले आहे. मृग-आर्द्राच्या पेरण्या आटोपल्या असतील तर कोळपणी-खुरपणी तोंडावर आहे, पाऊस ओढला असेल तर दुबार पेरणीची धास्ती आहे. मराठवाड्यात जुलै हा घरात रोकड सर्वांत कमी असण्याचा महिना. गेल्या सुगीचा पैसा बी-बियाण्यात गेलेला, नव्या सुगीचा पैसा अजून जमिनीत. अशा वेळी या रसिकापुढे तीनच मार्ग होते : पूर्वीची शिल्लक मोडणे, सावकाराकडून उचल घेणे किंवा ‘पुढे कधी तरी पाहू’ असे म्हणणे.

तिसरा मार्ग शहाणपणाचा वाटतो, आणि पुष्कळदा तो असतोही. पण या प्रसंगी त्याचे फळ काय मिळाले, हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, केशवराव भोसले ऐन तारुण्यात निवर्तले. ज्यांनी ‘पुढे कधी तरी’ म्हटले, त्यांना ते ‘पुढे’ लाभलेच नाही. बालगंधर्व १९६७ पर्यंत हयात होते. परंतु त्या दोघांचा एकत्र स्वर पुन्हा ऐकू येणे शक्य नव्हते.

५. आजचा परदेश : राज्याचे पंचांग

आता वर्तमानाकडे वळू. स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेतो. चुडाव्याच्या एका शेतकरी कुटुंबातील रसिकाला आपल्या आवडत्या वादकाचा कार्यक्रम जर्मनीतील एखाद्या शहरात २० नोव्हेंबर रोजी ऐकावयाचा आहे. त्याने काय करावे?

पहिला नियम असा की, मोजणी आजपासून पुढे करू नये. कार्यक्रमाच्या तारखेपासून मागे करावी. पुढे मोजणाऱ्याला पुष्कळ अवधी आहे असे वाटते. मागे मोजणाऱ्याला खरा अवधी कळतो.

जर्मनीसह २९ युरोपीय देशांनी शेंगेन नावाची एकत्रित प्रवेशव्यवस्था स्वीकारली आहे. तिच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी प्रवासाच्या आधी ६ महिन्यांपेक्षा लवकर अर्ज करता येत नाही, आणि १५ दिवसांपेक्षा उशिरा करून चालत नाही. निर्णय सामान्यतः १५ दिवसांत होतो. परंतु अधिक चौकशी आवश्यक वाटल्यास तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून सुज्ञ मनुष्य ४५ दिवसच हिशेबात धरील, आणि अर्ज-केंद्रात भेटीची वेळ मिळण्यासाठी आणखी काही आठवडे राखून ठेवील. तात्पर्य, २० नोव्हेंबरच्या कार्यक्रमासाठी अर्ज सप्टेंबरच्या मध्यापूर्वी दाखल झाला पाहिजे. अर्जदाराच्या बोटांचे ठसे घेतले जातात, म्हणून त्याला अर्ज-केंद्राच्या शहरी, म्हणजे मुंबईसारख्या ठिकाणी, एक फेरी स्वतः करावी लागते. एकदा दिलेले ठसे पुढील ५९ महिन्यांतील अर्जांना उपयोगी पडू शकतात, हा त्यातल्या त्यात दिलासा.

व्हिसापूर्वी पासपोर्ट हवा. प्रौढ व्यक्तीचा ३६ पानांचा पासपोर्ट १० वर्षे चालतो, आणि त्याचे साधारण शुल्क १,५०० रुपये आहे. शेंगेन व्यवस्थेत हा पासपोर्ट १० वर्षांच्या आत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत, अशा अटी आहेत. ग्रामीण अर्जदाराची खरी अडचण शुल्काची नसते, नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे, बँकेच्या पुस्तकात आडनाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आढळतो. आपण त्याला चूक मानीत नाही, कारण गावात माणूस चेहऱ्याने ओळखला जातो. राज्य मात्र माणसाला अक्षरांनी ओळखते. ही अक्षरे सर्व कागदांवर एकसारखी करून घेण्यास महिने लागू शकतात, आणि त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याकडून होणाऱ्या पडताळणीचा अवधी वेगळा. म्हणून पासपोर्टचे काम कार्यक्रमाची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहताच करून ठेवावे. कलावंत ठरण्यापूर्वी पासपोर्ट हाती असणे, यात काहीही विसंगत नाही.

व्हिसाच्या अर्जासोबत किमान ३०,००० युरो रकमेचा वैद्यकीय विमा, राहण्याची सोय, परतीचे आरक्षण आणि प्रवासाचे प्रयोजन दाखवावे लागते. प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क ९० युरो असून अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. घड्याळाचा विचारही येथेच करावा. नोव्हेंबरात जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तासांनी मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन तासांनी. तिकीटविक्री तेथे उन्हाळ्यात सकाळी १० वाजता सुरू होणार असेल, तर चुडाव्यात दुपारचा दीड वाजलेला असेल. मोठ्या कलावंतांची तिकिटे काही मिनिटांत संपतात, तेव्हा हा हिशेब क्षुल्लक नाही. मुंबईच्या त्या ३९ मिनिटांचेच हे मोठे रूप आहे.

६. शेताचे पंचांग

येथवर वर्णिलेल्या गोष्टी कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळतील. शेतीवर चालणाऱ्या घराची जी अडचण आहे, ती मात्र अशा मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाही.

परभणी जिल्ह्यात खरिपात सोयाबीन आणि कापूस ही प्रमुख पिके. सोयाबीनची कापणी साधारणतः सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि मळणी होऊन माल मोंढ्यात जाईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन पुढे चालते. म्हणजे घरात पैसा येतो तो दिवाळीच्या सुमारास. २० नोव्हेंबरचा कार्यक्रम या दृष्टीने सोयीचा वाटतो. सुगी झाली, हातात पैसा आहे, कामाचा जोर ओसरला आहे.

पण मागे मोजून पाहा. व्हिसाचा अर्ज सप्टेंबरात गेला. त्या अर्जासोबत जोडलेले बँकेचे उतारे त्याआधीच्या महिन्यांचे, म्हणजे जून, जुलै आणि ऑगस्ट या काळाचे. आणि हेच ते महिने, की ज्यांत शेतकऱ्याचे खाते रिकामे असते. तपासणारा अधिकारी दूरच्या देशाचा. त्याला मृग ठाऊक नाही, पोळा ठाऊक नाही. त्याला एवढेच दिसते की, ज्या मनुष्याच्या खात्यात शिल्लक नाही, तो युरोपात जाऊ म्हणतो आहे. पैसा येणार आहे हे शेताला ठाऊक असते, कागदाला नसते. शिवाय शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने पुष्कळ कुटुंबांजवळ आयकराची विवरणपत्रेही नसतात. उत्पन्न खरे असूनही ते सिद्ध करावयास नेहमीचे साधन नाही, असा हा पेच आहे.

या पेचातून मार्ग एकच : आखणी एक सुगी आधी सुरू करणे. म्हणजे २० नोव्हेंबरच्या कार्यक्रमाची खरी सुरुवात आदल्या वर्षीच्या दिवाळीत होते. त्या सुगीच्या पैशातून प्रवासाची रक्कम बाजूस काढून ती बँकेत ठेवावी, आणि पेरणीच्या दिवसांत कितीही मोह झाला तरी तिला हात लावू नये. सोबत सातबाराचा उतारा, माल विकल्याच्या मोंढ्यातील पावत्या आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद तयार ठेवावा. गावी परत येण्यास आपल्याला सबळ कारण आहे, याचाही तो पुरावा ठरतो. एक पीक बुडाले तर? तर त्या वर्षी प्रवास नाही, असे मनाशी अगोदरच ठरवून ठेवावे. उचल घेऊन केलेल्या प्रवासातील सूर परतल्यावर फार दिवस कानांत राहत नाहीत. हप्त्यांचा तगादा त्यांना बुडवून टाकतो.

आणि कार्यक्रम जूनच्या अखेरीस किंवा जुलैत असेल, तर? युरोपातील पुष्कळ संगीतमहोत्सव नेमके त्या दिवसांत भरतात. तेव्हा प्रश्न पैशाइतकाच माणसांचा होतो. पेरणीच्या वेळी घरचा एक हात कमी होणार, त्याची जागा कोण भरून काढील, हे भाऊबंदांशी आणि घरातील स्त्रियांशी बोलूनच ठरवावे लागेल. कारण पुष्कळ घरांत तो भार शेवटी त्यांच्यावरच पडतो. श्रवणयात्रा एकट्याची असते, तिची किंमत मात्र सगळे घर देते. हे ज्याने विसरावयाचे नाही ठरविले, त्याची आखणी निम्मी झाली असे समजावे.

७. जोखमीचा क्रम

आता तिसऱ्या प्रकारच्या अनिश्चिततेचा विचार करू. ऑगस्ट २०२४ मध्ये ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेचे लागोपाठ तीन कार्यक्रम ठरले होते. हल्ल्याचा कट उघडकीस आल्याने ते तिन्ही आदल्या दिवशी रद्द करण्यात आले. देशोदेशींचे श्रोते तोवर शहरात येऊन पोचले होते. तिकिटांचे पैसे परत देण्याचे आयोजकांनी जाहीर केले; परंतु कार्यक्रमाचे तिकीट परत मिळाले म्हणून विमानाचे भाडे परत मिळत नाही. तेथील रस्त्यांवर जमून श्रोत्यांनी स्वतःच ती गाणी म्हटली, ही गोष्ट हृद्य आहे. पण आखणीच्या दृष्टीने बोध घ्यावयाचा तो असा की, श्रवणयात्रेचा मोठा खर्च गाण्यावर होत नसून वाटेवर होतो, आणि गाणे रद्द झाले तरी वाट रद्द होत नाही.

म्हणून खर्चाचा क्रम जोखमीप्रमाणे लावावा. जो खर्च पुढेही उपयोगी पडणारा आहे, तो सर्वांत आधी. पासपोर्ट या वर्गात येतो. त्यानंतर कार्यक्रमाचे तिकीट, कारण ते नंतर मिळत नाही. मात्र ते मूळ विक्रेत्याकडूनच घ्यावे, चढ्या भावाने पुन्हा विकणाऱ्याकडून नव्हे. मग व्हिसा. निवासाचे आरक्षण रद्द करता येईल असे असावे. आणि परत न मिळणारे विमानाचे तिकीट व्हिसा हाती पडल्यावर, सर्वांत शेवटी. तिकीट उशिरा घेतल्याने भाडे काहीसे अधिक पडेल. तो अधिक आकार म्हणजे मनःस्वास्थ्याची किंमत समजावी. रुपयाचा युरोशी असलेला दर आखणी आणि प्रवास यांच्या दरम्यान बदलतो, म्हणून अंदाजात दहापैकी एक भाग वाढवून धरावा. हालीचे कलदार करणाऱ्याला जी सावधगिरी लागत असे, तीच ही.

८. समारोप

तीन पंचांगांचे विवेचन संपले. परंतु एक चौथेही पंचांग आहे, आणि ते कोणालाही वाचता येत नाही. ते कलावंताच्या आयुष्याचे.

उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये दक्षिणेत होते, आणि ऑक्टोबर अखेरीस पाँडिचेरीला जाण्यासाठी निघाले. पाँडिचेरी तेव्हा फ्रेंचांच्या अमलाखाली होते. म्हणजे या प्रवासात कलावंतच परमुलुखाकडे निघाला होता. वाटेत प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर उतरले, आणि २७ ऑक्टोबर रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. ज्यांनी पाँडिचेरीत त्यांची वाट पाहिली असेल, त्यांची आखणी निर्दोष असूनही निष्फळ ठरली. अगदी अलीकडे, १५ डिसेंबर २०२४ रोजी, मुंबईत जन्मलेले आणि दीर्घकाळ अमेरिकेत राहिलेले उस्ताद झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्को येथे वयाच्या ७३ व्या वर्षी निवर्तले. त्यांना ‘पुढच्या वर्षी ऐकू’ असे म्हणणारे आपल्यापैकी किती जण असतील, याची गणना नाही.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, शेत गहाण टाकून आजच निघावे. तो निष्कर्ष चुकीचा आहे. तसेच, अनिश्चितता एवढी मोठी, तर निघूच नये, हाही निष्कर्ष तितकाच चुकीचा. या चौथ्या पंचांगाचा योग्य उपयोग एवढाच की, पुढे ढकलण्याला त्याने मर्यादा घालावी. ज्या गोष्टी आपल्या हातच्या आहेत, म्हणजे नावाची अक्षरे, पासपोर्ट आणि एका सुगीची राखून ठेवलेली रक्कम, त्या आधीच सिद्ध असाव्यात. म्हणजे तारीख जाहीर होईल तेव्हा नकार द्यावा लागलाच, तरी तो आळसामुळे द्यावा लागणार नाही. ८ जुलै १९२१ ची तारीख ज्यांची चुकली, त्यांतील काहींची पेरणीमुळे चुकली असेल. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण शेत सोडून जाणे त्यांना शक्य नव्हते. मात्र ज्यांची केवळ ‘पाहू पुढे’ म्हणण्यामुळे चुकली, त्यांना चुटपुट लागून राहिली असेल.

चुडाव्याच्या स्थानकावरून आजही मनमाडच्या दिशेने गाड्या जातात. लोहमार्ग आता रुंद झाला आहे, मनमाडला गाडी बदलण्याचे कारण उरलेले नाही, आणि रोटेगावच्या पुढे कोणी हालीचे कलदार करीत नाही. एक परमुलूख स्वदेश झाला आणि नवा परमुलूख दूरवर उभा राहिला. पण घरातून निघणाऱ्याने आधी आभाळाकडे पाहावे, मग कागदांकडे आणि मग तारखेकडे, हा क्रम बदललेला नाही.